रात्रीच्या जेवणाऐवजी भाज्यांचे सूप घेऊनही वजन अडले आहे. चूक कुठे होते आहे?

प्रश्न : वाफाळती वाटी

गेले पाच आठवडे मी रात्रीचे जेवण बंद करून त्याऐवजी फक्त भाज्यांचे सूप घेत आहे. पहिल्याच आठवड्यात वजन दीड किलोने उतरले, त्यामुळे हुरूप आला होता. परंतु त्यानंतर काटा जवळजवळ तिथेच अडला आहे. शिवाय सूप पोटभर घेतले तरी दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि झोपण्यापूर्वी हात बिस्किटांच्या डब्याकडे वळतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

माझी कृती अशी आहे : अर्धा किलो टोमॅटो, 200 ग्रॅम गाजर, 200 ग्रॅम बटाटा आणि एक मोठा कांदा दोन मोठे चमचे बटरवर परतून, पाणी घालून शिजवते व मिक्सरमधून काढते. त्यात दाटपणासाठी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि शेवटी 100 मिलिलिटर क्रीम घालते. यातले निम्मे सूप मी घेते. बटर व क्रीम वगळून एकदा करून पाहिले, पण ते इतके पाणचट झाले की दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्याच कृतीवर आले. माझ्या वाट्याला नेमक्या किती कॅलरी येत असतील, आणि क्रीमशिवाय सूप दाट व चवदार कसे करावे, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर : हिशेबी पातेले

आपण वजने दिली आहेत, त्यामुळे हिशेब करणे सोपे झाले. अर्ध्या किलो टोमॅटोच्या साधारण 90 कॅलरी, गाजराच्या 80, बटाट्याच्या 155 आणि कांद्याच्या 40 धरल्या, तर साऱ्या भाज्या मिळून 365च्या आसपास होतात. आता उरलेल्या तीन जिनसा पाहा : दोन मोठे चमचे बटर म्हणजे सुमारे 200, कॉर्नफ्लोअर 60 आणि क्रीम मध्यम स्निग्धतेचे धरले तरी 250. म्हणजे पातेलेभर भाज्यांपेक्षा या तीन जिनसांतच अधिक कॅलरी आहेत. एकूण पावणेनऊशे, त्यातला निम्मा वाटा सुमारे 440. त्यावर रात्रीची चार-पाच बिस्किटे धरली, तर आपण जे जेवण सोडले त्याच्या जवळपासच आपण पोहोचता.

स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, पिष्ट पदार्थाच्या व प्रथिनांच्या एका ग्रॅममध्ये 4. भाज्यांमध्ये बहुतांश पाणीच असते, म्हणून सूप हलके असते. पातेल्यात चमच्याने किंवा कपाने जे ओतले जाते, ते मात्र हलके नसते. माझा नियम इतकाच आहे की भाज्या मोजायच्या नाहीत, पण तेल, बटर, क्रीम आणि पीठ मोजल्याशिवाय घालायचे नाही.

पहिल्या आठवड्यातल्या दीड किलोविषयीही सांगतो. खाणे एकदम कमी केले की शरीर ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात व स्नायूंत साठवलेल्या पिष्टाचा, साठा वापरते, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी साठलेले असते, तेही निघून जाते. फक्त कोबीचे सूप पिऊन आठवड्यात वजन उतरवण्याचे जे आहार प्रसिद्ध आहेत, त्यांतल्या झटपट घटीतही या पाण्याचा मोठा वाटा असतो. त्यामुळे आपला काटा अडला असे म्हणण्यापेक्षा, चरबी अजून फारशी कमी व्हायला लागलेली नाही असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

उत्तर : मंद आच

हिशेब झाला; आता पाणचटपणाकडे वळू, कारण सूप बेचव झाले तर कोणताही हिशेब चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

दाटपणासाठी बटाट्याच्या जागी फ्लॉवर घ्यावा. 100 ग्रॅम बटाट्यात सुमारे 77 कॅलरी असतात, तितक्याच फ्लॉवरमध्ये 25. मात्र फ्लॉवर पुरता मऊ होईपर्यंत, म्हणजे चमच्याने दाबताच मोडेल इतका शिजवावा. अर्धवट शिजलेला फ्लॉवर कितीही फिरवला तरी रवाळच राहतो. पुरता शिजलेला फ्लॉवर बारीक वाटला की सूपाला क्रीमसारखा गुळगुळीत पोत येतो आणि पातेल्यात फ्लॉवर आहे हे सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा उपाय याहून सोपा आहे : शिजलेल्या भाज्यांपैकी निम्म्या वाटाव्यात आणि निम्म्या तशाच ठेवाव्यात. तोंडात चावायला काही आले की जेवल्याचे समाधान वाटते, असा माझा तरी अनुभव आहे. मूठभर मसुराची डाळ हा तिसरा उपाय. तिने सूप दाट होते आणि प्रथिनेही मिळतात. एक काळजी मात्र घ्यावी : डाळ आधी साध्या पाण्यात शिजवून घ्यावी आणि टोमॅटो नंतर घालावेत, कारण आंबट पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही.

आता चव. बटरमुळे जी खमंग चव येते, ती मुख्यतः परतण्यातून येते, बटरच्या प्रमाणातून नव्हे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन लहान चमचे तेलावर कांदा मंद आचेवर परतत राहावे. तो बुडाला चिकटू लागला की एक चमचा पाणी शिंपडावे आणि खरवडून पुन्हा परतावे. असे चार-पाच वेळा, पंधरा-वीस मिनिटे केले की कांदा तपकिरी व गोडसर होतो. बुडाला धरलेला तो तपकिरी थर पाण्यात विरघळला की तोच सूपाचा गाभा बनतो. टोमॅटो अर्धे कापून ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कडा काळपट होईपर्यंत भाजावेत. त्यांतले पाणी आटते आणि चव एकवटते. मशरूम असतील तर कोरड्या तव्यावर आधी त्यांचे पाणी सुटू द्यावे, ते आटू द्यावे, आणि मग रंग येईपर्यंत परतावे. मशरूम व टोमॅटो या दोहोंत ग्लुटामेट हा चव भरीव करणारा घटक नैसर्गिकरीत्या असतो, म्हणूनच क्रीमशिवायही ही सूपे भरलेल्या चवीची लागतात. पालेभाजी शेवटच्या दोन मिनिटांत घालावी. गॅस बंद केल्यावर लिंबाचा रस किंवा थोडे व्हिनेगर, आणि ताजी मिरपूड घालावी. आंबटपणा नीट आला की मीठही कमी पुरते.

तयार स्टॉक क्यूबविषयी सावध राहावे. त्यांत मीठ पुष्कळ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. शिवाय खारट सूपानंतर शरीरात पाणी साठते आणि सकाळी काटा विनाकारण वर दिसतो.

उत्तर : गाळणी

माझ्या मते तेल पूर्णच वगळावे आणि सूप गाळून घ्यावे. मी स्वच्छ गाळलेले सूपच घेतो. एका वाटीत जेमतेम 20-30 कॅलरी येतात. मग मोजमापाचा प्रश्नच उरत नाही.

उत्तर : चमचाभर समतोल

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. गाळणीत जे उरते त्यातच तंतुमय भाग असतो. तो टाकून दिल्यावर उरलेले पाणी पोटात फार वेळ थांबत नाही आणि प्रश्नकर्तीची मूळ तक्रार भुकेचीच आहे. तेल शून्यावर आणणेही योग्य नाही. गाजरातील कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपिन शरीरात नीट शोषले जाण्यासाठी थोडी स्निग्धता लागते. एका लहान चमच्यात 40 कॅलरी येतात, त्या वाया जात नाहीत.

माझी खरी शंका वेगळी आहे : सूप जेवणाऐवजी घ्यावे की जेवणापूर्वी? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरेच काम केले आहे. त्यांच्या 2007च्या प्रयोगात दुपारच्या जेवणाआधी कमी कॅलरींचे सूप घेतल्यावर, सूप धरूनही, त्या जेवणातील एकूण कॅलरी सुमारे 20 टक्क्यांनी घटल्या. भाज्यांचे तुकडे राखले काय किंवा सूप वाटून घेतले काय, त्यात लक्षणीय फरक पडला नाही. त्याआधी 1999च्या प्रयोगात असे दिसले होते की तेच पाणी जेवणासोबत पेल्यात पिण्यापेक्षा पदार्थात शिजवून सूपाच्या रूपात घेतले, तर पुढचे खाणे अधिक कमी होते. म्हणून मी सुचवेन की आधी भाज्यांचे सूप घ्यावे, पंधरा मिनिटे थांबावे आणि मग नेहमीच्या निम्मे जेवण, ज्यात प्रथिने असतील असे, घ्यावे. केवळ सूपच घ्यायचे असेल, तर त्यात डाळ, अंडे किंवा कोंबडीचे मांस असल्याशिवाय त्याला जेवण म्हणू नये. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज किमान 0.8 ग्रॅम प्रथिने लागतात आणि नुसत्या भाज्यांतून ती भागत नाहीत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रात्रीचे जेवण असे अचानक बंद करू नये, रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना भाज्यांतील पोटॅशियमचा विचार करावा लागतो. वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये. अशा सर्वांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

वाफाळती वाटी

सर्वांचे आभार. बटर-क्रीम इतके भरत असेल याची कल्पना नव्हती. मी आजवर बटाट्यालाच दोष देत होते. काल बटाट्याऐवजी फ्लॉवर आणि 60 ग्रॅम मसूर घालून, दोन लहान चमचे तेलात सूप केले. कांदा परतायला अर्धा तास लागला, हे मात्र रोज जमणारे नाही. चव खरोखर चांगली आली आणि रात्री बिस्किटांची आठवण उशिरा झाली, झाली नाही असे म्हणणार नाही. आठवड्याचे सूप एकदम करून ठेवले तर चालेल का?

मंद आच

आपल्या नव्या पातेल्याच्या साधारण 550 कॅलरी होतात, निम्म्या वाट्याला 275. आठवड्याचे एकदम करू नये. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावे आणि बाकीचे गोठवावे. मोठे पातेले तसेच फ्रीजमध्ये ठेवले तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत वाटून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, आणि घेताना पुन्हा चांगले उकळावे. परतलेला कांदा मात्र एकदाच जास्त करून लहान वाट्यांत गोठवता येतो, म्हणजे रोजचा अर्धा तास वाचेल. आणखी एक : गरम सूप मिक्सरच्या भांड्यात अर्ध्यापर्यंतच भरावे आणि वाफ निघायला झाकणाला फट ठेवून वरून फडके धरावे, मी एकदा घाई केली होती, तेव्हा स्वयंपाकघराचे छतही पुसावे लागले.