टायरच्या बाजूला फुगा आला आहे. टायर बदलावाच लागेल का?

खानापूरकर:

नमस्कार मंडळी. मी खानापुरात राहतो आणि नोकरीसाठी रोज गाडीने बेळगावला ये-जा करतो. गेल्या रविवारी जांबोटीहून परत येताना पाणी साचलेल्या खड्ड्यात डावीकडचे पुढचे चाक जोरात आदळले. हवा गेली नाही आणि गाडीही एका बाजूला ओढली नाही, म्हणून मी तसाच घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना मात्र टायरच्या बाहेरच्या बाजूला, रिमपासून दोन बोटे वर, अर्ध्या लिंबाएवढा फुगा हाताला लागला. अंगठ्याने दाबल्यावर तो बाकीच्या टायरपेक्षा मऊ लागतो आणि त्याच्या खाली इंचभर रबर खरचटलेले आहे. टायर ट्यूबलेस, १८५/६५ आर १५ मापाचा आहे. तो २२,००० किलोमीटर चालला असून नक्षी चांगली शिल्लक आहे.

इथला पंक्चरवाला "एनू आगंगिल्लरी" (काही होत नाही) म्हणत आतून पट्टी मारून द्यायला तयार आहे, आणि पट्टी टिकली नाही तर ट्यूब टाकून देतो म्हणतो. बेळगावातल्या टायरच्या दुकानात पुढचे दोन्ही टायर बदलायला सांगितले. येत्या शनिवारी आईला घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जायचे आहे. टायर खरोखरच बदलायला हवा का, आणि हवा असेल तर एक की दोन, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वडगावचा गॅरेजवाला:

खानापूरकर, फुगा आला म्हणजे तो टायर संपला असे समजा. नक्षी किती उरली आहे याचा इथे संबंध येत नाही.

तुमच्यासारख्या रेडियल टायरमध्ये (मापातला 'आर' म्हणजे रेडियल) पोलादी तारांचे पट्टे फक्त नक्षीच्या खाली असतात. बाजूच्या भिंतीत, म्हणजे साईडवॉलमध्ये, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले पॉलिस्टरचे दोरे आणि त्यांवर रबर एवढेच असते, आणि हवेचा सगळा ताण ते दोरे पेलतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा ही भिंत खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. रबर ताणले जाऊन वाचते, पण दोरे तुटतात. मग जिथे दोरे नाहीत तिथे हवा रबराला बाहेर ढकलते, आणि तोच तुमच्या अंगठ्याला लागलेला मऊ फुगा. आपण ३३ पौंड हवा भरतो, म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर साधारण १५ किलोचा जोर असतो, आणि त्या जागी तो एकट्या रबराने धरून ठेवला आहे. तुमच्या मापाचे चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेच्या वर फेरे घेते व प्रत्येक फेऱ्यात ती जागा दबते आणि पुन्हा फुगते. ते कधी फुटेल हे कोणीही सांगू शकत नाही, परंतु उतारावर, भरलेल्या गाडीत, तापलेल्या टायरने ते फुटण्याचा संभव अधिक.

पट्टीने हवा अडते, तुटलेले दोरे जुळत नाहीत. पंक्चरची दुरुस्ती नक्षीच्या भागातच टिकते, कारण तो भाग फारसा वाकत नाही. साईडवॉल सतत वाकत असल्याने तिथली पट्टी सुटते. ट्यूब टाकणे तर मला त्याहून धोक्याचे वाटते. ट्यूबलाही आधार त्याच कमकुवत भिंतीचा असतो, शिवाय ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून उष्णता वाढते, आणि फुटली की सगळी हवा एका क्षणात जाते. पंक्चरवाल्याचा हेतू वाईट नसेल, पण हे काम कृपया करून घेऊ नका.

इतर वाचकांसाठी एक खुलासा करतो, कारण याच बाबतीत अनेक जण विनाकारण घाबरतात. साईडवॉलवर कडेपासून नक्षीकडे जाणारी, किंचित आत दबलेली उभी रेघ दिसली तर ती बहुधा टायर बनवताना आतल्या दोऱ्यांच्या कापडाची टोके एकमेकांवर जोडलेली जागा असते आणि तिथून धोका नसतो. बाहेर आलेला उंचवटा हाच तुटलेल्या दोऱ्यांचा. फुटपाथला घासून वरवर खरचटले असेल तर टायर चालतो. पण काप उघडून पाहिल्यावर आत दोरे दिसत असतील तर तो काढावाच. पाहण्यासाठी टोचा किंवा खिळा खुपसू नका. चाक उतरवल्यावर आतल्या बाजूची भिंतही हाताने चाचपून पाहा, कारण खड्ड्याचा मार अनेकदा दोन्हीकडे बसतो आणि आतला फुगा उभ्या गाडीत दिसत नाही. रिम वाकली आहे का तेही बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून बघून घ्या, आणि अलाइनमेंट करून घ्या.

निपाणीची वाचक:

दादा, कृपया त्या टायरवर आईंना घेऊन घाट उतरू नका. आमच्या मागच्या डाव्या टायरला सुपारीएवढाच फुगा होता आणि एका दुकानात "अजून पाच हजार किलोमीटर जाईल" असे सांगितल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. उसाच्या हंगामात बेळगावहून परत येताना तवंदी घाटाच्या उतारावर तो फुटला. गाडीचा मागचा भाग एकदम उजवीकडे गेला आणि शेजारून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर चालला होता. यजमानांनी ब्रेक न दाबता स्टिअरिंग घट्ट धरून, वेग आपोआप कमी होऊ देत गाडी कडेला घेतली, म्हणून आम्ही वाचलो. खाली उतरून पाहिले तर फुग्याच्या जागी हात आत जाईल एवढी चीर होती आणि तिच्या कडांना पांढरे दोरे पिंजलेल्या कापसासारखे लोंबत होते. डिकीतली स्टेपनी काढली, तर तिच्यात हवाच नव्हती.

विम्याचेही सांगते. नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचे नुकसान धरत नाहीत. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झालेले असेल तरच टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. आम्हाला काहीही मिळाले नाही. वेगळे टायर संरक्षण घेतलेले असेल तर तुमची पॉलिसी वाचून पाहा.

संकेश्वरचा टॅक्सीचालक:

एक की दोन, याचे उत्तर तुमच्या स्टेपनीत आहे. ती इतर चार चाकांच्याच मापाची आणि न वापरलेली असेल, तर एकच टायर विकत घ्या, शक्यतो त्याच कंपनीचा व त्याच नक्षीचा. नवा टायर आणि स्टेपनी अशी जोडी मागे लावा, मागचे दोन पुढे आणा, आणि पुढचा उजवा, जो बहुधा सर्वांत जास्त झिजलेला असेल, तो स्टेपनी म्हणून ठेवा. नवे टायर पुढे हवेत असे पुष्कळ जण मानतात, पण पावसात मागची पकड सुटली तर गाडी फिरते आणि ती सावरणे कठीण जाते, म्हणून जास्त नक्षीचे टायर मागेच असावेत. स्टेपनी लहान मापाची असेल तर मात्र ती कायमची लावू नका. त्या परिस्थितीत दोन टायर घेणे योग्य.

घेताना साईडवर छापलेल्या उत्पादन-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२२ असेल तर तो २०२२ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. मापापुढे छापलेला ८८ हा भार-अंक म्हणजे एक टायर ५६० किलोपर्यंत वजन पेलतो. त्याहून कमी अंकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि जुना टायर दुकानात ठेवून येऊ नका, कारण असे टायर पुढे सेकंडहँड म्हणून विकले जातात.

खानापूरकर:

सर्वांचे मनापासून आभार. काल बेळगावात एक टायर घेतला. स्टेपनी त्याच मापाची व न वापरलेली निघाल्याने टॅक्सीचालक दादांनी सांगितल्याप्रमाणे अदलाबदल केली. जुना टायर रिमवरून उतरवल्यावर मी आतून बोट फिरवले, तेव्हा फुग्याच्या बरोबर मागे दोन बोटे लांबीची चीर लागली आणि तिच्यात तुटलेले दोरे नखाला अडकत होते. बाहेरून तिथे फक्त खरचटल्याची खूण होती. रिम थोडी वाकली होती, ती सरळ करून घेतली. दुकानदाराला सांगून फुग्यावरच करवतीने आडवा काप मारून घेतला आणि तो टायर घरी घेऊन आलो आहे. शनिवारी ठरल्याप्रमाणे निघतो.