टक्कल, टकल्या, खल्वाट: पुढाऱ्याला काय म्हणावं?

प्रश्न (निपाणी): कोपरा सभेत एका वक्त्यानं समोरच्या उमेदवाराला माईकवरून 'टकल्या' म्हटलं. लोक हसले. बाबा म्हणतात, टक्कल आहे तर म्हणणारच की, त्यात शिवी कसली? मला पटलं नाही. टकला, टकल्या, खल्वाट यांत फरक काय?

खानापूर: ताई, तुमचंच बरोबर. 'टकला' हे वर्णन, 'टकल्या' ही हाक. राम्या, लंगड्या, काळ्या बघा, शेवटी असा 'या' लागला की मान गेला. दोस्तांत चालतं, कारण तिथं उलट हाक मारता येते. माईकवरून नाही. 'खल्वाट' संस्कृतातला. 'क्वचित् खल्वाट निर्धनः', म्हणजे टक्कलवाला सहसा गरीब नसतो! त्यात हेटाळणी नाही, पण तो बोलण्यात येत नाही. 'बोडका' मात्र पुढाऱ्यालाच काय, कुणालाच म्हणू नये. त्यामागं विधवांच्या केशवपनाचं दुःख आहे. कन्नड शेजाऱ्यांचं 'बोक्कतले'ही तोंडावर म्हटलं की तेवढंच बोचतं.

बेळगाव: काका, आपल्याकडं जुन्या पुढाऱ्यांचे केस दिसायचेच कुठं? टोपी नाहीतर फेटा. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं अजूनही सगळे फेट्यात, टक्कल कुणाला ते कळतही नाही. नेहरूंचं टक्कल टोपीखाली राहिलं. सरदार पटेलांचं उघडं होतं, ते कणखरपणात जमा झालं. 1924 ला इथल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी. टोपीला त्यांचं नाव, पण 1921 नंतर ते बहुधा उघड्या डोक्यानंच वावरले, आणि लोकांनी त्यात त्याग बघितला. अमेरिकेत 1952 आणि 1956 ला अध्यक्षपदासाठी समोरासमोर उभे आयझेनहॉवर आणि स्टीव्हन्सन, दोघांनाही टक्कल, मग कोण कुणाला चिडवणार? आता फ्लेक्सवर वीस वर्षांपूर्वीचा भरगच्च केसांचा फोटो असतो आणि दारात मतं मागायला दुसराच माणूस उभा राहतो. माझ्या मते लोकांना ती लपवाछपवी खटकते, टक्कल नाही.

निपाणी: आमच्या उमेदवाराच्या डोक्यावर नाण्याएवढे गोल चट्टे आहेत. त्यालाही टक्कलच म्हणायचं?

खानापूर: नाही ताई, ती चाई. वयानं येणारं टक्कल कपाळाच्या कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सरकतं, ते बहुतेक वारशानं आणि हार्मोनमुळं. चाईत आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते. ती संसर्गानं पसरत नाही, पुष्कळांचे केस परतही येतात. बाबांना एवढं नक्की सांगा, आणि तो वक्ता ओळखीचा असेल तर त्यालाही.