अनुभव धागा : 'द होल नाइन यार्ड्स' – तुम्हाला कोणती कथा ऐकवली?

या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ सोपा आहे : सगळंच्या सगळं, हातचं काही न राखता. पण नऊ यार्ड कशाचे? प्रत्येक जण वेगळी कथा सांगतो आणि तीही छातीठोकपणे. तुम्हाला काय सांगितलं गेलं, ते लिहा.

– ह्यूस्टनला साइटवर फोरमन म्हणायचा, काँक्रीटचा ट्रक! तिकडे काँक्रीट घनयार्डात मोजतात, बोलताना नुसतं 'यार्ड'. अख्खा ट्रक ओतला की नऊ. रोज चलनं बघत असल्याने मला लगेच पटलं होतं.

– आमच्याकडे दुसरं महायुद्ध. विमानातल्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा २७ फुटांचा, म्हणजे नऊ यार्डांचा, तो संपेपर्यंत गोळ्या झाडायच्या. सिनेमात शोभेल.

– एडिंबरात दुकानदाराने किल्टचं कापड सांगितलं. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाला, चांगल्या किल्टला आठ यार्ड लागतात. नववा त्यालाच ठाऊक.

– वरच्या ट्रकवर आणि पट्ट्यावर पाणी ओततोय, राग नसावा. इंडियानातल्या मिचेल गावच्या वर्तमानपत्रात १९०७ सालीच 'फुल नाइन यार्ड्स' छापलेलं सापडलंय, तेही बेसबॉलच्या सामन्याबद्दल. १९०८ साली तिथेच पुन्हा : कुणी रॉस्को मासे पकडून आलाय, आता गाठ पडेल त्याला तो 'पूर्ण नऊ यार्ड' ऐकवणार. म्हणजे पाल्हाळ! गंमत पुढे आहे. १९१२ साली अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट आणि माजी अध्यक्ष रूझवेल्ट यांचं भांडण रंगलं, तेव्हा शेजारच्या केंटकीतला एक पेपर लिहितो की हे दोघं एकमेकांची 'होल सिक्स यार्ड्स' बाहेर काढतील. सहाही चालायचे, नऊही चालायचे! त्यामुळे नऊच यार्डांची एखादी वस्तू हुडकण्यात अर्थ नाही, असं येल विद्यापीठातल्या फ्रेड शापिरोंचं मत. मलाही तेच पटतं.

– सहावारी, नऊवारी दोन्ही? मग ऐकाच. न्यू जर्सीत गणपतीला नऊवारीत ऑफिसला गेले होते. वार म्हणजे यार्डच, असं मॅनेजरबाईंना सहज बोलून गेले. दुपारपर्यंत अख्ख्या मजल्यावर पसरलं की हा वाक्प्रचार भारतातून आला. नव्या माणसांनाही आता तेच सांगतात. मी कशाला खोडून काढू?

– नेसलेली होती की शिवलेली?

– शिवलेली. सकाळची ट्रेन गाठायची होती हो.