२८ फेब्रुवारीचा हॉल: वेल्श मंडळींची आणि आपली तारीख एकच

कार्यवाह:
मंडळी, नमस्कार. २८ तारखेच्या शनिवारी इथे फिलाडेल्फियाजवळच्या चर्चने हॉल आपल्या मराठी मंडळींनाही दिला आणि वेल्श (मूळच्या ब्रिटनमधल्या वेल्सच्या) मंडळींनाही. आपला मराठी भाषा गौरव दिन २७ ला, त्यांचा सेंट डेव्हिड्स डे (वेल्सच्या संताचा दिवस) १ मार्चला, मध्ये शनिवार एकच. ऑफिसने चूक कबूल केली आहे. वेल्श मंडळी म्हणतात, त्यांचं गाणं दोन ते पाच, आपण सहापासून सुरू करावं, किंवा मधला तास दोघांनी मिळून करावा. मला गुरुवारी उत्तर द्यायचंय. स्वयंपाकघर एकच आहे, हे धरून लिहा.

नाना (एक्स्टन):
हॉलचं बारा वर्षं मी बघतोय, आधी मला फोन करायला हवा होता. एका तासात खुर्च्या, पडदा आणि साउंड होत नाही. कोजागिरीला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. कार्यक्रम सरळ १४ मार्चला न्या. एकत्र वगैरे नको. इंग्रजांच्या प्रार्थनांशी आपल्या भाषा दिनाचा काय संबंध?

शाळेच्या ताई:
नाना, वेल्श म्हणजे इंग्रज नव्हेत, हे त्यांच्यासमोर कृपया बोलू नका. त्यांची भाषा अगदी वेगळी आहे. आपण राहतो तो बराचसा भाग त्यांचाच. १६८२ पासून वेल्श क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचे लोक) इथे पेनसिल्व्हेनियात आले, स्कूलकिल नदीच्या पश्चिमेला त्यांच्यासाठी ४०,००० एकर ठरले. मेरियन, रॅडनर, हॅवरफर्ड ही त्यांची पहिली गावं. आपला कारभार आपल्या भाषेत चालेल, असा या प्रांताचा संस्थापक विल्यम पेनचा शब्द आहे या भरवशावर ते समुद्र ओलांडून आले. तो शब्द तोंडीच राहिला आणि काही वर्षांत मोडला. पेनला या प्रांताचं नाव 'न्यू वेल्स' ठेवायचं होतं, तेही झालं नाही. भाषा दिनाला याहून जवळचा पाहुणा मला तरी सुचत नाही.

वहिनी (ब्रिन मार):
ताई, त्या निमित्ताने: पत्रकावर गावाचं नाव 'ब्रायन मावर' छापलंय, ते आधी बदला. ट्रेनमध्ये घोषणा 'ब्रिन मार' अशी होते.

शाळेच्या ताई:
वेल्शमध्ये 'ब्रिन माउर'. ब्रिन म्हणजे टेकडी, माउर म्हणजे मोठी. देवनागरीत मूळ उच्चार नीट लिहिता येतो, तर तोच का लिहू नये? मुलांना अर्थही कळेल.

वहिनी (ब्रिन मार):
मी एकवीस वर्षं या गावात राहतेय. पाहुण्यांनी 'माउर' विचारलं तर त्यांना कोणी रस्ता दाखवणार नाही. आणि हे नाव क्वेकरांच्या काळातलं नाही. आधी हम्फ्रीजव्हिल होतं, १८६९ मध्ये रेल्वेने बदललं. रोलंड एलिस नावाचा क्वेकर वेल्समधल्या आपल्या ब्रिन मार घरातून १६८६ साली इथे आला होता, त्याच्या जागेवरून हे नाव दिलं. त्यामुळे गावाचा उच्चार गावाने करावा.

अप्पा (पूर्वी स्क्रॅन्टन):
उच्चाराचं तुम्ही बघा. मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं पेनसिल्व्हेनियातल्याच स्क्रॅन्टनला होतो. शेजारच्या आजींचे पणजोबा साउथ वेल्समधून अँथ्रासाइट (कठीण) कोळशाच्या खाणीत आले होते. तिकडचे वेल्श म्हणजे क्वेकर नव्हेत, खाणकामातले पक्के कारागीर. त्यामुळे मुकादम बहुतेक वेल्श आणि हाताखाली आयरिश मजूर. त्यातून भांडणंही खूप झाली, तीही सांगायला हवीत. ६ सप्टेंबर १८६९ ला तिकडच्याच प्लिमथजवळच्या एव्हनडेल खाणीत आग लागली. बाहेर यायला विहिरीसारखी उभी वाट एकच, तिच्यावरच कोळसा फोडायचा लाकडी कारखाना, तोच पेटला. ११० माणसं गेली, त्यांतली बरीचशी वेल्श. त्यानंतर दुसरी वाट असलीच पाहिजे असा कायदा पेनसिल्व्हेनियात झाला. खाणकामगार युनियनचे १९२० ते १९६० अध्यक्ष असलेले जॉन एल. लुईस हेही वेल्श आईवडिलांचेच.

आजी दर रविवारी एक भजन म्हणायच्या, वेल्शमध्ये, अख्खं पाठ. मी अर्थ विचारला. म्हणाल्या, "अर्थ माझ्या आईला यायचा." त्या दिवसापासून घरी मुलांशी मराठीच बोलायचं असं मी आणि हिने ठरवलं. एकत्र कार्यक्रमाला माझं मत हो.

खजिनदार:
अप्पा, फार आतून लिहिलंत. मला वाटायचं की एवढी माणसं आली तर दिसत का नाहीत. मग आडनावं कळली. 'अप' म्हणजे मुलगा. अप राइस म्हणजे राइसचा मुलगा, त्याचं प्राइस झालं. अप हाउएलचं पॉवेल, अप हॅरीचं पॅरी. आपल्यासारखंच, वडिलांचं नाव सोबत. पुढे ते आडनाव म्हणून गोठलं आणि जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स तर सगळ्या अमेरिकेत मिसळून गेले. कोण वेल्श ते नावावरून कळेनासं झालं.

भाड्याचं: अर्धं अर्धं केलं तर आपले पैसे वाचतात.

वहिनी (ब्रिन मार):
स्वयंपाकघराबद्दल कोणी बोलत नाही. त्यांचे तव्यावरचे बेदाण्यांचे केक पूर्वापार डुकराच्या चरबीत करतात. आपली निम्मी मंडळी शाकाहारी. लोण्यातले कराल का, हे आधीच विचारा. आणि पुऱ्या त्यांचं गाणं चालू असताना तळायच्या नाहीत, हॉलभर वास जातो. पाचपर्यंत तेल तापवू नका.

शाळेच्या ताई:
विचारलं. या वेळी लोण्यातलेच आणतील. त्यांनीही आपल्याला विचारलं, मुलांना मराठी कशी शिकवता म्हणून. त्यांचं 'अ ड्रीख' हे वेल्श वृत्तपत्र १८५१ साली न्यूयॉर्कमध्ये निघालं, पुढे युटिकाला गेलं आणि २००३ पर्यंत चाललं. दीडशे वर्षं! पण शेवटी ते इंग्रजीतच होतं. आपल्या दिवाळी अंकात इंग्रजी पानं किती घ्यायची, हा वाद आपण दर वर्षी घालतो. या वर्षी जरा थांबून घालूया.

नाना (एक्स्टन):
दिवाळी अंकाचा वाद इथे नको. वेल्श लोकांबद्दल मी चुकीचं लिहिलं, ते मागे घेतो. खुर्च्यांचा प्रश्न तसाच आहे.

कार्यवाह:
नाना, त्यांच्या बाईंशी बोलले. त्यांच्या 'गमान्वा गानी'त (भजनं गाण्याच्या मेळाव्यात) श्रोते वेगळे नसतात, आलेले सगळेच गातात. आवाजाप्रमाणे चार भाग करून बसतात, गायन चालवणाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे खुर्च्या चार गटांत आणि मधून दोन वाटा. तशाच ठेवल्या तर आपल्याला चालेल का?

नाना (एक्स्टन):
चालेल. मधल्या वाटेने मुलांची ग्रंथदिंडी नेता येईल. पण स्टेजकडची पहिली रांग फूटभर मागे घ्या, तबल्याला जागा लागते. पाच ते सहा एकत्र, आधी त्यांचं एक भजन, मग आपला एक अभंग, दोन्हींचे शब्द कागदावर देवनागरीत आणि रोमनमध्ये छापून. ताई, वेल्शचा उच्चार तुम्ही बघा. किल्ली माझ्याकडे राहील, मी एक वाजता हॉल उघडतो.

वहिनी (ब्रिन मार):
आणि पत्रकावर?

कार्यवाह:
'ब्रिन मार', खाली कंसात 'मोठी टेकडी'. आज रात्री छापायला देतेय.