गोलूचा चेहरा कोणाला आठवतोय का?

दुपारचाचहा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. वय अकरा. त्याला मुद्दाम 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा अ‍ॅडव्हेंचर गेम लावून दिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० साली आलेला. म्हटलं, सारखं बंदुका घेऊन धावण्यापेक्षा जरा आपल्याकडचं काहीतरी खेळू दे. पठ्ठ्यानं तीन संध्याकाळी त्रिशूळ फिरवून फिरवून बोटं दुखवून घेतली आणि गेम संपवला. जेवताना बहिणीनं विचारलं, "काय रे, गोष्ट काय होती?" तर म्हणतो, "एक मुलगी असते, ती राक्षसांना मारते." का मारते? "तिच्या कोणालातरी पळवलेलं असतं."

कोणालातरी! अरे, तो तिचा धाकटा भाऊ, गोलू. महाबलासुराची सेना पोरांना उचलून नेते, त्यात हा जातो, आणि अख्खा गेम त्याला शोधण्यात जातो. मी भाच्याला रागावणार होतो, तेवढ्यात मलाच प्रश्न पडला. गोलू दिसतो कसा? नाही आठवला.

उलट १९९७ चा 'कर्स ऑफ मंकी आयलंड' खेळून मला पंधराएक वर्षं झाली असतील, पण त्यातली बोलकी कवटी अजून कानात बडबडते. तिचं नाव मरे. (मेल्याचं नावच मरे.) गेमचा नायक गायब्रश, त्यानं तोफ डागून मरेचे तुकडे केलेत, उरलंय फक्त डोकं, तेही पाण्यावर तरंगतंय, आणि तोरा असा की उद्या जगावर राज्य हाच करणार. नरकाच्या दारातून ताडताड चालत जाईन म्हणतो. पायांचं काय, असं विचारलं की जरा थांबतो. बरं मग, गडगडत जाईन.

आणि त्याच मालिकेतला स्टॅन! पहिल्या भागात जुनी जहाजं विकतो. दुसऱ्यात वापरलेल्या शवपेट्या विकतो, आणि तिथे आपणच त्याला एका पेटीत घालून वर खिळे ठोकतो. तिसऱ्या भागात पेटी उघडून त्याला बाहेर काढलं की हा शिव्या देत नाही, आभार मानत नाही, थेट विमा विकायला लागतो. अंगात तोच चौकड्यांचा कोट, ज्यात माणूस हलतो पण चौकड्या हलत नाहीत.

अ‍ॅडव्हेंचर गेममधल्या पात्रांबद्दल माझं म्हणणं एवढंच: ज्याला आपल्याशिवाय दुसरं काम आहे, तो लक्षात राहतो. आपण गेम बंद करून झोपलो तरी स्टॅन कोणाच्या तरी गळ्यात काहीतरी मारत असणार असं वाटतं. गोलू आपण नसताना काय करत असेल? आपली वाट बघत असेल. म्हणून विसरला जातो.

पटतंय का? आणि कृपा करून 'लेखन चांगलं असलं की पात्र लक्षात राहतं' असं सांगू नका. ते मलाही माहीत आहे.

घाटमाथा

रुमाल टाकून ठेवतो. मरेसाठी +१.

पोपटपंची

साफ असहमत. गोलू हे पात्रच नाही, ते निमित्त आहे. राक्षसाचा जीव सातासमुद्रापलीकडे डबीतल्या पोपटात असतो, ही गोष्ट आजीकडून ऐकली असेलच. त्या पोपटाचा स्वभाव कसा होता, असं कधी आजीला विचारलंत का? पेरू आवडायचा की मिरची? पोपटाचं काम एकच, लांब असणं. गोलूचंही तेच.

शिवाय 'राजी'तला कॅमेरा बघा, केवढा लांब असतो. गोष्टीचे बरेच प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांमधून दाखवलेत. चेहरा आठवणार कुठून? उगाच छोट्या टीमला झोडपू नका.

दुपारचाचहा

झोडपत नाहीये हो. त्या गेममधली भित्तिचित्रं आणि त्यांच्यापाशी उभं राहून दुर्गा नि विष्णूच्या गप्पा ऐकणं, हे मला फार आवडलं. पण बघा ना, माझाच मुद्दा सिद्ध होतोय. ते दोघं वरून बघत आपसात बोलत असतात, त्यांना त्यांची मतं आहेत, त्यांचे जुने हिशोब आहेत. म्हणून ते लक्षात राहिले.

तळकोकणी

सावल्यांच्या बाहुल्यांचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, एरवी मी वाचनमात्र. माझं माहेर कुडाळकडे. पिंगुळीच्या ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ लहानपणी बघितलाय. (तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली.) पडद्यावर काळी आकृती आली की मागच्या रांगेतलं शेंबडं पोरही ओरडायचं, रावण आला! नाकडोळे दिसत नसले तरी दहा तोंडांची रांग दिसते ना. मारुती शेपटीवरून कळतो. सावलीत पात्र ओळखू यायचं तर कातडं कापणाऱ्यालाच आधी ठरवावं लागतं की ह्याची खूण काय.

गोलूला खूण नाही. कुठल्याही लहान मुलाची सावली तशीच पडेल. त्याच्या हातात एखादी भिंगरी दिली असती, डोक्यावरची टोपी वाकडी ठेवली असती, तरी भाच्याला आठवला असता. तेव्हा बाहुल्यांना दोष देऊ नका, त्यांनी रामायण सांभाळलंय.

रातकिडा

तळकोकणी, दंडवत.

चेहऱ्याचाच प्रश्न असेल तर 'फायरवॉच' (२०१६) घ्या. १९८९ चा उन्हाळा, वायोमिंगचं जंगल, हेन्री नावाचा माणूस वणव्यावर नजर ठेवायला मनोऱ्यात एकटा बसलेला. वॉकीटॉकीवर बोलायला फक्त डिलायला, पलीकडच्या मनोऱ्यातली. ती संपूर्ण गेममध्ये एकदाही दिसत नाही. रात्री लांबवर तिच्या मनोऱ्यातला दिवा दिसतो, बास. शेवटी आपण धडपडत तिच्या मनोऱ्यापर्यंत पोचतो, तर ती निघून गेलेली असते. मी रिकाम्या खोलीत दहा मिनिटं तिच्या वस्तू उचलून बघत बसलो होतो. बायकोनं विचारलं, काय झालं? काय सांगणार?

म्हणजे चेहरा नको, खूणही नको. उत्तर देणारं कोणीतरी हवं. मी काही बघितलं, काही उचललं, तर तिला ते सांगता येतं आणि ती त्यावर काहीतरी बोलते, कधी चिडते, कधी थट्टा करते. गोलूला हाक मारली तर प्रतिध्वनीच येतो.

खटपट्या

तुम्ही सगळे फार साहित्यिक बोलताय. 'रेसिडेंट ईव्हिल ४' मधला दुकानदार आठवतो का? २००५. निळ्या ज्योतीची मशाल दिसली की समजायचं, साहेब जवळपास आहेत. कोट उघडतो, आत बंदुका टांगलेल्या, "काय घेता, पावनं?" (मूळ इंग्रजीत, पण सूर हाच.) त्याला नाव नाही, घर नाही, पूर्वायुष्य नाही. अशा झपाटलेल्या गावात हा दुकान का मांडतो, त्याला माल कोण पोचवतं, काही सांगत नाहीत. आणि ज्यानं हा गेम खेळलाय त्याला तो आठवत नाही असा माणूस मला भेटलेला नाही. कारण साधं आहे. गोळ्या संपलेल्या, जीव मुठीत, अशा वेळी तो भेटतो. उपयोगी पडतो म्हणून आठवतो. बाकी तुमचं ते 'स्वतःचं काम' वगैरे नंतर चिकटवलेलं.

त्याहून पुढचं ऐका. 'पोर्टल' (२००७) मध्ये एक ठोकळा आहे. ठोकळा! चाचणीला बसवलेली माणसं तो मागेच विसरून पुढे जायची आणि अडकायची, म्हणून बनवणाऱ्यांनी त्यावर गुलाबी बदाम काढले आणि गेममधल्या खलनायक संगणकाच्या, ग्लॅडॉसच्या, तोंडून त्याला 'सोबती' म्हणवलं. मग तोच ठोकळा आपल्याच हातानं भट्टीत टाकायला लावला, कारण शेवटच्या लढाईत भट्टी वापरावी लागते आणि ती शिकवायची होती. म्हणजे दोन्ही कारणं शुद्ध तांत्रिक. लोक मात्र त्याच्यासाठी हळहळले, त्याच्या उशा विकत घेतल्या. ठोकळ्याला कसली आलीय लगबग?

दुपारचाचहा

ठोकळ्यापुढे हात टेकले. दुकानदाराचं मात्र मान्य नाही. तो आपली वाट बघत नाही, गिऱ्हाइकाची बघतो. आपण नसतो तर राक्षसांनाही काडतुसं विकली असती त्यानं.

खटपट्या

ही पळवाट आहे.

फक्तपॉइंटक्लिक

मुळात 'रेसिडेंट ईव्हिल' हा अ‍ॅडव्हेंचर गेम आहे का? धागा कशावर आहे? आता कोणीतरी 'स्कायरिम'चे गुडघ्यात बाण लागलेले पहारेकरी घेऊन येईल आणि मग आवरणं कठीण.

खरा अ‍ॅडव्हेंचर म्हणजे माऊसचं एक बटण आणि खिशात दोरी, उंदीर, अर्धवट खाल्लेला पाव. आणि तिथलं सर्वांत न विसरता येणारं पात्र माणूस नाही, बकरी आहे. 'ब्रोकन स्वोर्ड', १९९६. आयर्लंडमध्ये एका पडक्या किल्ल्यापाशी उत्खननाच्या खड्ड्यात उतरायला शिडी आहे, आणि शिडीपाशी ही बया बांधलेली. शिडीला हात लावला की ढुशी. परत गेलं, परत ढुशी. तिला एकही वाक्य नाही. जॉर्ज नि निको, टेंपलर, शतकानुशतकांचं कारस्थान, सगळं धूसर झालंय. बकरी स्वच्छ.

तेव्हा माझा सिद्धांत: अडवतो तो आठवतो. मदत करणारे ढिगानं असतात.

सांजवेळ

अडवणं, उपयोगी पडणं, उत्तर देणं... सगळं बरोबर असेल, पण 'मेजोराज मास्क'चं (२०००) नाव इतका वेळ कोणीच काढलं नाही याचं नवल वाटलं. तीन दिवसांत चंद्र कोसळणार आहे, आणि क्लॉक टाऊनमधल्या माणसांना आपापलं वेळापत्रक आहे. दुपारचाचहा यांच्या तत्त्वानुसार मग सगळेच लक्षात राहायला हवेत. राहतात का? मला त्या शहरातली निम्मी माणसं नुसती कामाच्या वेळांवरून आठवतात, नावं गेली.

पोस्टमन मात्र गेला नाही. लोक शहर सोडून पळतायत, त्यालाही पळायचंय, जीव घाबरा झालाय. पण वेळापत्रकात पळणं लिहिलेलं नाही! वरून हुकूम आल्याशिवाय टपाल टाकून जायचं कसं? खोलीत एकटाच तळमळतो. माझे आजोबा टपाल खात्यात होते, निवृत्तीनंतरही सायकल त्याच वेळेला बाहेर काढायचे. गेम जपानमध्ये बनलाय हे मला तेव्हा कळतही नव्हतं, मी म्हटलं हे तर आमच्या घरचंच.

म्हणजे नुसतं काम असून भागत नाही. ते काम आणि जिवाची ओढ एकमेकांना आडवी जायला हवीत. आंजू आणि काफे आठवा. लग्न ठरलेली जोडी, तो शापानं लहान मुलगा झालेला, ती सरायीत त्याची वाट बघत बसलेली. वाट बघणारीच आहे ती! गोलूसारखीच. पण तिला आईबरोबर गावाबाहेर निघून जाण्याची वाट मोकळी आहे, आणि तरी काफेची खूण आपण तिच्या हाती दिली की ती थांबते. चंद्र डोक्यावर येईपर्यंत थांबते. थांबणं हे तिनं ठरवलंय. गोलूला कोणी विचारलंच नाही.

पोपटपंची

हे मात्र पटलं. पोपटालाही डबी उघडी ठेवून बघायला हवं होतं.

जुनीसीडी

एक खवचट प्रश्न. वर ज्यांची नावं आली ती बहुतेक १९९६ ते २००७ मधली. हा योगायोग आहे का? कॅफेत तासाला वीस रुपये मोजून, घड्याळाकडे बघत, एकच गेम चार महिने खेळायचो आपण. घरी एक सीडी, तीही मित्राची, ओरखडे पडलेली. अशा परिस्थितीत कोणीही लक्षात राहिलं असतं. आता माझ्या खात्यात दोनशे गेम पडलेत, त्यातले निम्मे उघडलेले नाहीत. गोलूचा दोष नसेल, आपल्याच डोक्यात जागा उरली नसेल.

रातकिडा

फायरवॉच मी पस्तिशीत खेळलो. कर्ज, मुलं, गुडघेदुखी सगळं असताना. तरी राहिली लक्षात.

घाटमाथा

रुमाल उचलतो. विषय आपल्याकडचा निघालाय तर 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) बद्दल मला बोलायचंच होतं. बहुतेक गोष्ट पश्चिम घाटात, होयसळांचं साम्राज्य, हळेबीड, बेलूर, गणपतीचा तुटलेला दात. दर पावसाळ्यात सह्याद्री तुडवणारा माणूस मी, जीप घेऊन त्या हिरव्या दरीत उतरलो तेव्हा अंगावर काटा आला. पण त्या घाटात माणसं कुठायत? एक वाडी नाही, गुराखी नाही, पाण्याला निघालेली बाई नाही. भेटतात ते खलनायक असवचे बंदूकवाले. आपल्याकडे घाटात हरवलात तर तासाभरात कोणीतरी मामा भेटतो आणि नको तेवढी माहिती देतो!

सुरुवातीला बाजारात मीनू नावाची चुणचुणीत पोरगी भेटते. दोनचार मिनिटांचं काम. मला असवपेक्षा ती जास्त आठवते.

याउलट 'अनचार्टेड २' (२००९) मधला तेन्झिन. तिबेटी बोलतो, खाली भाषांतर येत नाही, नायकाला त्याचं काही कळत नाही आणि त्याला नायकाचं. बर्फाच्या गुहेत दोघं एकमेकांना वर ओढून घेतात, आपापल्या भाषेत बडबडत. रातकिड्यांचा 'उत्तर देणारा हवा' हा मुद्दा इथे कसा बसवायचा?

रातकिडा

देतोय की उत्तर. कळत नाही एवढंच. लग्न झालंय का तुमचं?

तळकोकणी

😂

दुपारचाचहा

काल भाच्याला फोन केला. म्हटलं, राजीमधलं काय आठवतं तुला? राजीच्या कोलांट्या आठवतात म्हणाला. आणि "ते दोन देव सारखे बोलत असतात, ते". गोलूचं नाव मी सांगितल्यावर म्हणाला, "हां, तो. त्याला पण खेळायला द्यायला पाहिजे होतं, दोन कंट्रोलर आहेत ना तुझ्याकडे."

खटपट्या

पोराला नोकरी द्या. मी म्हणत होतो ते हेच. काम द्या त्याला!

सांजवेळ

नाही, तो म्हणतोय की गोलूलाही विचारा. ते मी म्हणत होते.

जुनीसीडी

सगळं राहू द्या. फक्तपॉइंटक्लिक, त्या बकरीचं पुढे करायचं काय? २००३ मध्ये मी तिथेच सीडी परत केली होती.

फक्तपॉइंटक्लिक

शिडीकडे जा, ढुशी खा. पडल्यावर उठायची वाट न बघता लगेच पलीकडच्या शेतीच्या अवजारावर क्लिक करा. ती मागे धावते आणि तिची दोरी त्यात अडकते. बाकी गेममध्ये सहसा घाई करावी लागत नाही, म्हणून कोणाला सुचत नाही.