मुलं आणि रस्ता : तुमच्याकडे काय घडलं?

गेल्या आठवड्यात माझा सहा वर्षांचा मुलगा सोसायटीच्या दारात स्कूटरसमोर धावत आला. स्कूटरवरच्या मुलीने करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. चूक माझी होती. तो पलीकडे रिक्षातून उतरला आणि मी अलीकडून हात हलवून "आलास का रे!" म्हटलं. त्याला आई दिसली, रस्ता दिसलाच नाही. आता मी आधीच पलीकडे जाऊन उभी राहते. तुमचे अनुभव लिहा. शिकवून उपयोग झाला नाही, तेही लिहा.

*

मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे. कारखाने सुरू झाले की आमची पोरं उसाच्या ट्रॅक्टरमागे धावतात. पुढच्या ट्रॉलीतला ऊस ओढायच्या नादात मागच्या ट्रॉलीचं चाक कुणाच्या ध्यानात राहत नाही. ओरडून, छडी दाखवून झालं, फरक पडला नाही. मग एका ट्रॅक्टरवाल्याला विनंती केली. उभ्या ट्रॅक्टरवर एकेकाला बसवलं आणि विचारलं, मागच्या ट्रॉलीपाशी उभा असलेला तुझा मित्र दिसतो का? कुणालाच दिसेना. त्या दिवशी पोरं गप्प घरी गेली. तरी उसाचा मोह सुटत नाही, म्हणून हंगामात मीच शेतकऱ्यांकडून एक मोळी मागून आणतो आणि मधल्या सुट्टीत वाटतो.

*

आमच्या आजीचा एकच नियम होता: एसटीतून उतरलं की एसटी निघून जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. बसच्या पुढून रस्ता ओलांडणाऱ्याला मागून ओव्हरटेक करणारी गाडी दिसत नाही. माझी मुलंही तोच नियम पाळतात.

*

आम्ही जर्मनीत राहतो. इथे पहिलीत जाण्याआधी आईवडील शाळेची वाट मुलांसोबत पुन्हा पुन्हा चालून पक्की करून घेतात. सिग्नलपाशी 'मुलांसाठी आदर्श व्हा, हिरव्यावरच चला' अशा अर्थाच्या पाट्या असतात, आणि शेजारी लहान मूल उभं असेल तर रस्ता रिकामा असूनही बरीच मोठी माणसं थांबतात. मलाही ती सवय लागली.

खरी अडचण सुट्टीत पुण्याला आल्यावर झाली. आमची आठ वर्षांची लेक झेब्रा पट्ट्यांवर सरळ चालू लागली. पट्टे आहेत म्हणजे गाड्या थांबणारच, अशी तिची खात्री. शिवाय तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून ती आधी डावीकडे बघते. इकडे पहिली गाडी उजवीकडून येते. दंड धरून मागे ओढलं तेव्हा ती रडत म्हणाली, "पण मी पट्ट्यांवरच होते ना!" तिचं काहीच चुकलं नव्हतं. भारतातही पट्ट्यांवर पहिला हक्क चालणाऱ्याचाच आहे, हे तिला सांगताना मला फार वाईट वाटलं. आता विमानातच उजळणी घेतो: इकडे आधी उजवीकडे.

*

मी शाळेची व्हॅन चालवतो. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढं अंतर कापलेलं असतं. शाळेच्या गल्लीत २० च्या वर जात नाही. उतरलेली पोरं मोजतो आणि शेवटचं पोर फाटकात शिरेपर्यंत गिअर टाकत नाही. कुणाची तरी बाटली नेमकी चाकाजवळ पडते आणि ते ती घ्यायला वाकतं.

*

धागा काढणारी मीच. सर, तुमचं वाचून आज मुलाच्या उंचीला वाकले आणि दारातल्या दोन उभ्या गाड्यांमधून रस्त्याकडे पाहिलं. दोन्हीकडे नुसतं बॉनेट दिसलं. त्याला म्हटलं, "तुला इथून काहीच दिसत नाही ना रे?" तर म्हणाला, "कधीच नाही दिसत."