तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रिपोर्ट साफ आला, तरी शेक (रेडिएशन) घ्यायचे का?

पांढरकवड्याचा शेतकरी: मोठ्या भावाच्या गालातली गाठ काढली, दीड सेंटीमीटरची. मानेतल्या गाठीबी काढल्या, एकीतही कॅन्सर नाही, कापलेल्या कडा साफ. डॉक्टर म्हणते शेक लागत नाही, दाखवायला येत जा. घरचे अडून बसले का शेक घ्याच. मला तं डॉक्टरचंच पटते.

वणीवाला: मला नाही पटत भाऊ. आमच्या गावात एकानं शेक घेतले नाही, वर्षभरात मानेत गाठ आली, गेला बिचारा. फुले योजनेत पैसे लागत नाही, मंग काऊन रिस्क घ्याची?

सेवाग्रामची सिस्टर: दादा, त्याची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली होती का? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा 2015 चा अभ्यास याच सुरुवातीच्या स्टेजच्या पेशंटवर आहे. मानेतल्या गाठी आधीच काढल्या त्यांच्यातले 80 टक्के 3 वर्षांनी जिवंत होते, गाठ दिसेपर्यंत थांबले त्यांच्यातले 67.5. यांची मान तर झाली आहे. आणि शेक म्हणजे सलाईन नाही, थुंकी आटते, भाकर पाण्याशिवाय गिळत नाही, पुढे दात काढावा लागला तर जबड्याचं हाड सडू शकते. कड 5 मिलीमीटरपेक्षा कमी सुटली, कॅन्सर नसेत शिरला किंवा मानेच्या गाठीत निघाला तर मात्र शेकाचा विचार करावाच लागतो, गाठीचं कवच फोडून बाहेर आला तर सोबत केमो पण, आणि ते 6 आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं.

वणीवाला: ताई तुमचं खरं असंल, पण कापूस वेचणीत मजुरी बुडवून नागपूरला दाखवायला कोण जाते? शेक एकदाचे 6 आठवडे घेतले का मोकळं.

सेवाग्रामची सिस्टर: मोकळं नाही होत दादा! शेक घेतले तरी तपासणी सुटत नाही. परत येणारा कॅन्सर बहुतेक पहिल्या 2 वर्षांतच येतो, पहिल्या वर्षी तर दर एक-दोन महिन्यांनी मान चाचपून घ्यायलाच पाहिजे. शेतकरीदादा, रिपोर्टात कॅन्सर किती खोल गेला लिहिलं?

पांढरकवड्याचा शेतकरी: 3 मिलीमीटर. नसेत नाही असं लिहिलं.

सेवाग्रामची सिस्टर: मग डॉक्टर बरोबर सांगतात. खर्रा, तो सुपारी-तंबाखूचा, सुटला का?

पांढरकवड्याचा शेतकरी: वहिनीले परवा बंडीच्या उदाळीखाली खर्र्याची पन्नी सापडली, घोटलेली, अर्धी खाल्लेली.

वणीवाला: हे पाहा! असा माणूस तपासणीले येईन का? म्हणून म्हणतो शेक घ्या.

सेवाग्रामची सिस्टर: खर्रा चालू राहिला तर दुसऱ्या गालात नवा कॅन्सर होऊ शकतो, त्याला आजचे शेक अडवत नाहीत. पुढच्या तपासणीला वहिनीला सोबत न्या, पन्नीचं डॉक्टरसमोर सांगा.